दुसऱ्या फळीसाठीचं नेतृत्व प्रशिक्षण: आठ महिन्यांनंतर काय उरलं

बारा वर्षं फिल्डवर काम केल्यावर संस्थेने मला कार्यक्रमप्रमुख केलं. आमची पाळणाघरं पुण्यात वाघोली आणि बालेवाडीच्या बांधकाम साइटवर आहेत, महिलांचं समुपदेशन केंद्र ताडीवाला रोडला. विश्वस्तांनी मला सामाजिक संस्थांच्या दुसऱ्या फळीसाठीच्या सहा महिन्यांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवलं. महिन्यातला एक शनिवार-रविवार कर्वेनगरला वर्ग, एरवी आपापल्या संस्थेत करायचं काम. ते संपून आठ महिने झाले. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

सगळ्यात जास्त टिकलं ते सुपरव्हिजन. आमच्याकडे सुपरव्हिजन म्हणजे केस फाइल तपासणं: तारीख आहे का, सही आहे का, गृहभेट झाली का. तिथे जोड्या करून बैठकीचा सराव करून घेतला आणि नियम एकच, पहिली पंधरा मिनिटं फाइल उघडायची नाही. परत आल्यावर आमच्या एका समुपदेशक ताईबरोबर मी हे करून पाहिलं. फाइल तिच्या मांडीवरच होती. मी विचारलं, "घरी गेल्यावर कुठली केस आठवते तुला?" ती बराच वेळ फाइलची दोरी सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, "ताई, त्या बाईचा समझोता करून मीच तिला सासरी पाठवलं. तेव्हापासून झोप नाही." केस चार महिन्यांपूर्वीची. फाइल चोख होती, तपासून सही मीच केली होती. आता प्रत्येकीबरोबर महिन्यातून एकदा अशी बैठक होते. देणगीदार भेटीला येणार असले तरी ती मी पुढे ढकलत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. पहिलाच गृहपाठ होता: कुठल्याही प्रकल्पाला न बांधलेली शिल्लक किती, आणि तिच्यात किती महिन्यांचे पगार निघतील? आमचं उत्तर दोन महिन्यांच्याही आत आलं. मी दोनदा आकडेमोड केली. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च, त्यातल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेचा उलगडाही तिथेच झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांत ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनखर्चावर आहे, प्रकल्प राबवण्याचा खर्च त्यात धरायचा नाही. आमच्या एका देणगीदाराने मात्र हेच ५ टक्के दाखवून समन्वयकाचा पगार आणि केंद्राचं भाडं प्रस्तावातून काढलं होतं. या वेळी मी नियम छापून नेला आणि पगार मंजूर झाला. भाडं नाही झालं. परदेशी निधीचं वेगळं आहे, तिथली प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा थेट संस्थेवरच आहे. २०२० पर्यंत ती ५० होती.

ब्रँडिंगचे दोन दिवस वाया गेले. उदाहरणं सगळी कारखान्यातली, स्लाइड इंग्रजीत. आमच्या तुकडीत वस्तीतून वर आलेल्या, वीस वर्षं बालवाड्या चालवणाऱ्या एक बाई होत्या, एरवी भरभरून बोलायच्या. ते दोन दिवस त्या गप्प बसून होत्या, आणि याचा मला अजून राग येतो. उलट विश्वस्त वगैरे बदलले की धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज, त्याची ९० दिवसांची मुदत, बालन्याय कायदा, हे सगळं मिळून जेमतेम तासभर.

खरी अडचण परत आल्यावर कळली. निर्णय कसे घ्यायचे हे मी शिकून आले, पण पाचशे रुपयांच्या व्हाउचरवरही सही संस्थापक ताईंचीच लागायची. त्यांनी एका खोलीतून संस्था उभी केलीय, त्यांना हे जड जाणारच. पण प्रशिक्षणात विश्वस्तांना एकदाही बोलावलं नव्हतं, त्यामुळे माझ्या हातात काय द्यायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. खर्च, रजा आणि केंद्रावरच्या नेमणुका यांचे अधिकार लेखी मिळायला मला पाच महिने लागले. फी भरण्याआधी एवढं एक विश्वस्तांशी बोलून घ्या.

पुढच्या तुकडीला आमच्या वाघोलीच्या पाळणाघरप्रमुख ताई जाणार आहेत. त्यांच्या अधिकारांचा कागद आम्ही आधीच केला, परवाच्या बैठकीत त्यावर सह्या झाल्या. संस्थापक ताईंची सही पहिली आहे.