सुट्टीवर आलेले वडील आणि राजारामपुरीतील समुपदेशन केंद्र

माझे यजमान पायदळात हवालदार आहेत. फील्ड पोस्टिंगमध्ये कुटुंब सोबत नेता येत नाही, त्यामुळे अकरा महिन्यांनी ते सुट्टीवर आले तेव्हा घरात सणासारखे वातावरण होते. पण आठवडाभरातच अकरा वर्षांचा मुलगा धुसफुसू लागला आणि चार वर्षांची मुलगी वडील खोलीत आले की सासूबाईंच्या पदराआड जाऊ लागली. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखे नावातच सैनिक असलेले गाव आहे, तरी या गोष्टीवर ‘होईल सवय’ यापलीकडे कोणी बोलत नाही. म्हणून कोल्हापूर शहरात राजारामपुरीतील एका बाल-समुपदेशन केंद्राचा आमचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पहिल्या भेटीचे ७०० आणि पुढील प्रत्येक भेटीचे ५०० रुपये घेतले, भेट मात्र घाईत उरकली नाही. आपण इथे आल्याचे युनिटमध्ये कळेल की काय, ही धास्ती यजमानांना होती. बोललेले बाहेर जाणार नाही, असे समुपदेशक बाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितल्यावर ते खुर्चीत जरा सैलावले.

खरी समज दिसली ती मुलाच्या बाबतीत. वडील नसताना रोज संध्याकाळी दूध संस्थेत किटली घेऊन जाणे हे त्याचे काम होते. यजमानांनी आल्याबरोबर, पोराला जरा आराम म्हणून, ती किटली स्वतःकडे घेतली आणि त्याला पहाटे पाचला उठवून पळायला नेण्यास सुरुवात केली. बाईंनी मुलाला एकट्याला बसवून पाऊण तास ऐकून घेतले आणि नंतर आम्हाला एवढेच सांगितले, “किटली त्याला परत द्या, आणि पहिला महिनाभर घरातले नियम आईचेच चालू द्या.” घरात जे स्थान त्याने वर्षभर सांभाळले ते एका दिवसात काढून घेतल्यासारखे त्याला वाटत होते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आले नव्हते. तिसऱ्या दिवशी तो किटली घेऊन निघाला आणि दारातून मागे वळून म्हणाला, “पप्पा, येणार असाल तर चला.”

मुलीसाठी सुचवलेला उपाय ऐकून मला आधी हसू आले. तिच्या लेखी पप्पा म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरचा चेहरा, तेव्हा त्यांनी शेजारच्या खोलीत बसून व्हिडिओ कॉल करावा, मग उंबरठ्यावर यावे, मग जमिनीवर बसून तिच्या भातुकलीतला चहा मागावा. स्वतःहून उचलून मात्र घेऊ नये. या वयाच्या मुलांना जवळ येण्यासाठी जबरदस्ती केली की ती आणखी मागे सरतात, असे बाईंचे म्हणणे होते. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी तिने मोबाईल उलटा करून ठेवला आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

आता तक्रारी. केंद्राचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा, दर मंगळवारी सकाळचा. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा असते, आणि तीही बहुधा तुकड्यांनी मिळते. यजमानांना या वेळी चाळीसच दिवस मिळाले, शिवाय गडहिंग्लजहून एस.टी.ने येण्यात दोन तास जातात, म्हणून आमच्या पाचच भेटी झाल्या. भरायच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला आहे, पण ते किती महिने घराबाहेर असतात हे विचारलेले नाही. त्याहून मोठी उणीव अशी की संपूर्ण आखणी वडील आले आणि राहिले असे गृहीत धरून केलेली आहे. आमच्याकडे मुलगी मांडीवर बसू लागली आणि पंधरवड्यात ट्रंक भरण्याची वेळ आली. त्या दिवसाची मुलांना कशी कल्पना द्यावी, यावर बाईंनी शेवटची दहा मिनिटे दिली, तीही मी विचारले म्हणून. नंतर फोनवर सल्ला मिळण्याची सोय नाही. यजमान रात्री दचकून उठतात असे सांगितल्यावर तो आपला विषय नाही, असे त्या म्हणाल्या, हा प्रामाणिकपणा मला आवडला, परंतु मग कोणाकडे जावे तेही सांगायला हवे होते.

तरीही पुढच्या सुट्टीत आम्ही तिथेच जाणार आहोत. फरक इतकाच की नोंदणी ते येण्याच्या पंधरा दिवस आधी करणार आणि पहिल्या भेटीला मी एकटीच मुलांना घेऊन जाणार. शेवटची पूर्ण भेट त्यांच्या परतण्याच्या तयारीसाठी राखून ठेवण्याचे बाईंनीही मान्य केले आहे.