चौथीनंतर मराठीतलं कोणतं पुस्तक? चार बालकादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीतून शिकतं आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातं. एका सुट्टीत गणित, परिसर, इतिहास या सगळ्याची भाषा बदलते आणि मराठी एका विषयापुरती उरते. घरात कोकणी, वर्गात इंग्रजी, मोबाइलवर हिंदी. चौथीत अडखळत का होईना पानभर मराठी वाचणारं मूल सहावीत जाईपर्यंत ते वाचन सोडून देतं. भाषा त्याला येत असते, पण तिच्यात वाचावंसं वाटेल असं काही त्याच्या हाती आलेलं नसतं.

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांबरोबर वाचते. नऊ ते बारा या वयाच्या मुलांचे आईवडील तिथे येतात आणि एकच प्रश्न विचारतात: नवीन काहीतरी एकच घ्यायचं, तर कोणतं? आपल्या लहानपणच्या धाडसी नायकांची पुस्तकं त्यांना आठवतात, ती मुलांना आवडतातही. पण त्यांना आजचं काहीतरी हवं असतं.

निवड करताना मी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची यादी पुढ्यात घेते. २०१० पासून हा पुरस्कार दिला जातो. अर्थात तो मोठी माणसं ठरवतात, मुलं नाहीत, म्हणून ही फक्त पहिली चाळणी. त्या यादीतल्या चार कादंबऱ्या इथे घेतल्या आहेत: ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' (पुरस्कार २०१७), सलीम मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९), संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) आणि भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४).

दुसरी चाळणी मुलाच्या हातातच असते. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं, एक पान मुलाला वाचू द्यायचं आणि शब्द अडला की एक बोट मिटायला सांगायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आज त्याला एकट्याने झेपणार नाही. दोन-तीन मिटली तर बिनधास्त घ्या. ही चाचणी मुलाने स्वतः करायची, आपण वरून बोटं मोजत बसायचं नाही.

पाचवीत नुकत्याच गेलेल्या आणि वाचनाचा दम कमी असलेल्या मुलासाठी माझं मत निःसंशय 'पियूची वही'ला. ही दैनंदिनीच्या रूपातली कादंबरी आहे आणि तिचा सगळा फायदा त्या रूपातच आहे. रोजची नोंद संपते तिथे थांबता येतं. शाळेतून बालरथाने, म्हणजे शाळेच्या बसने, दमून आलेल्या मुलाला 'आज एवढंच' म्हणता येतं आणि तरी काहीतरी पुरं वाचल्याचं समाधान मिळतं. शिवाय मूल नकळत स्वतःही लिहायला लागतं. आमच्याकडच्या पाचवीतल्या एका मुलीने पुस्तक परत करताना सोबत स्वतःची वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'आज आजीने फणसाची साठां उन्हात घातली. मागीर कावळो आयलो.' एक वाक्य मराठी, दुसरं कोकणी. मी काहीही दुरुस्त केलं नाही. पुढच्या शनिवारी सहा पानं भरली होती.

याच पुस्तकाची उणी बाजूही सांगते. ज्याला पानापानाला घडामोडी लागतात ते मूल दैनंदिनी खाली ठेवतं. काही मुलगे मुखपृष्ठावर मुलीचं नाव बघूनच ते बाजूला सारतात. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. पहिल्या चार नोंदी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मग बघा.

अशा मुलांसाठी 'समशेर आणि भूतबंगला'. सासणे हे मोठ्यांसाठी लिहिणारे कसलेले कथाकार, २०२२ मध्ये उदगीरला झालेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. असा लेखक मुलांसाठी भुताच्या बंगल्याची गोष्ट लिहितो याचाच मला आनंद आहे. वही आणि भूतबंगला शेजारी ठेवले तर फरक सरळ आहे. वहीत थांबायला जागा जागोजागी आहे, साहसकथेत ती मिळू नये हेच बरं. म्हणून ज्याला वाचता चांगलं येतं पण 'मराठीत बोर होतं' असं जे म्हणतं, त्याच्या हाती समशेर द्या. ज्याला अजून ओळी बोटाने धराव्या लागतात, त्याच्या हाती नको. रहस्य अर्ध्यावर सुटून गेलं तर उलट निराशाच पदरी येते. रात्री एकटं झोपायला घाबरणाऱ्या मुलाला दिवसाउजेडी वाचायला द्या, एवढी काळजी घेतली की झालं.

'जंगल खजिन्याचा शोध'बद्दल थोडक्यात. लेखक कोल्हापूरकडचे आणि वनखात्यात काम केलेले, त्यामुळे जंगल त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथल्या मुलांसाठी हे पुस्तक मी आधी सुचवीन, कारण घाटातलं रान त्यांच्या परसापर्यंत आलेलं असतं. बोंडल्याच्या अभयारण्यात सहलीला जाण्याआधी वाचलं तर फारच छान. कथेपेक्षा माहितीत रमणाऱ्या, प्राण्यांची नावं पाठ असणाऱ्या मुलाला हेच पहिलं पुस्तक म्हणून चालेल. बाकीच्यांना दुसरं किंवा तिसरं म्हणून द्या.

आता 'खारीच्या वाटा'. चारांतलं माझ्या मते सर्वांत मोलाचं पुस्तक हेच, आणि तरीही पाचवीच्या मुलाला पहिलं म्हणून मी ते देत नाही. धरणाच्या पाण्याखाली जाणारं गाव आणि त्या गावात वाढणारा मुलगा हा त्याचा विषय. ते सावकाश वाचायचं पुस्तक आहे. खरं दुःख त्यात आहे, आणि ते समजायला आणखी एखादं वर्ष, नाहीतर शेजारी बसलेलं मोठं माणूस लागतं.

पण आपल्याकडे या पुस्तकाला एक जोड आहे, जी दुसरीकडच्या वाचकांना सहज मिळणार नाही. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं. १९८० च्या दशकात तिथली कुटुंबं वाळकिणी आणि वाडे इथे जाऊन वसली. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हेच गाव. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि मूळचे गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सात मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, मधे घरांचे चौथरे आणि माडांचे उभे सुकलेले बुंधे. एक मुलगा चौथऱ्यावर चढून म्हणाला, "हांगा रांदचीकूड आशिल्ली?" (इथे स्वयंपाकघर होतं?) शेजारी एक आजोबा उभे होते. ते काही न बोलता चार पावलं पलीकडे गेले, खाली वाकले आणि चुलीची जागा हाताने दाखवली. मग त्यांनी दरवाजा कुठे होता तेही दाखवलं. मुलगा त्या नसलेल्या दरवाजातून वाकून बाहेर आला.

परतल्यावर चार शनिवार मी त्यांना 'खारीच्या वाटा' मोठ्याने वाचून दाखवलं. एरवी दहा मिनिटांत चुळबुळ करणारी मुलं मी पुस्तक मिटलं की विचारायची, "मागीर कितें जालें?" तेव्हा तुमचं मूल सहावीत असेल, किंवा तुम्हाला रोज रात्री वीस मिनिटं त्याच्याशेजारी बसता येत असेल, तर हेच घ्या. दोन्ही नसेल तर यंदा 'पियूची वही' आणि पुढच्या वर्षी हे.

विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जरूर चौकशी करा. १८३२ सालापासूनची ही संस्था, आणि तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मुलाला सोबत न्या आणि बोटांची चाचणी तिथेच करू द्या. आपण घरून ठरवून आणलेलं पुस्तक आणि त्याने स्वतः फळीवरून काढलेलं पुस्तक यांत वाचून पूर्ण होण्याची शक्यता दुसऱ्याचीच जास्त, हे मी इतक्या वर्षांत बघत आले आहे.

कुर्डीला चौथऱ्यावर चढलेला तो मुलगा यंदा सहावीत गेला. मागच्या शनिवारी त्याने कपाटातून 'खारीच्या वाटा' स्वतः काढलं, मधेच उघडलं आणि एक पान वाचलं. तीन बोटं मिटली. चौथं मिटू की नको असा त्याने जरा वेळ विचार केला, मग ते तसंच उघडं ठेवून पुस्तक घरी नेलं.