कंपनीचा मेडिक्लेम आणि खासगी डॉक्टर, की एआरटी सेंटर आणि स्वतःची पॉलिसी?

हा प्रश्न मला एचआयव्ही असलेले बरेच जण विचारतात, बहुतेक चाळिशी ओलांडलेले, गोळ्या नीट चालू, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला, आणि आता नोकरी बदलायची किंवा सोडायची आहे असे. तब्येतीची भीती त्यांना तेवढी नसते, भीती असते ती कागदांची. कंपनीचा विमा गेला की पुढे काय, सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या फुकट देतात तिथे, गेलो तर आहे तेच औषध मिळेल का, एचआयव्ही आहे म्हटल्यावर स्वतःची पॉलिसी कोण देणार. मी बरीच वर्षं पहिल्या बाजूला काढली, आता दुसऱ्या बाजूला आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आधी एक गुंता सोडवू. रोजच्या गोळ्यांचा आणि विम्याचा तसा फार संबंध नाही. मेडिक्लेम असतो अ‍ॅडमिशनसाठी, ओपीडीच्या गोळ्या बहुतेक पॉलिसीत येतच नाहीत, आणि कंपनीने वेगळं ओपीडी कव्हर दिलं असलं तरी एआरटीचं बिल तिथे लावायची हिंमत किती जण करतात ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे खासगीत गोळ्यांचे पैसे जातात ते खिशातूनच. त्यामुळे निर्णय दोन आहेत, गोळ्या कुठून घ्यायच्या हा एक, आणि अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर बिल कोण भरणार हा दुसरा.

गोळ्यांचं बघू. खासगी डॉक्टरचं सुख मी नाकारणार नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाता येतं, रजा टाकावी लागत नाही, काही शंका आली तर फोन करता येतो. औषधात निवडही जास्त मिळते, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वर सरकायला लागलं तर टीडीएफ, म्हणजे टेनोफोविरचं जुनं रूप, त्याच्या जागी नवं टीएएफ देतात, कोणाला बिक्टेग्राव्हिरवाली गोळी चालू असते. सेंटरला बहुतेकांना एकच, टीएलडी. टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्राव्हिर ५०, दिवसाला एक गोळी, विषय संपला. खासगीत बिक्टेग्राव्हिर चालू असेल तर सेंटरला तीच मिळेल असं धरून जाऊ नका, औषध बदलायची तयारी ठेवा आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

या बदलाचीच लोकांना जास्त धास्ती असते, चांगलं चाललंय ते कशाला हलवायचं म्हणून. मला एफाव्हिरेन्झवाली गोळी होती, रात्री घेतली की सकाळपर्यंत डोकं जड, स्वप्नं तर विचारू नका. टीएलडीवर आल्यावर झोप सुधारली, वजन मात्र वाढलं, ते अजून पूर्ण उतरलेलं नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही म्हणत. एक लक्षात ठेवा, कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीचं अँटासिड चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं, नाहीतर ते अंगी लागत नाही. टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्राव्हिरचा डोस दिवसातून दोनदा करावा लागतो, तेव्हा टीबीच्या डॉक्टरला एआरटीचं सांगायलाच हवं.

बऱ्याच जणांच्या डोक्यात एआरटी सेंटरचं जुनं चित्र आहे. फुकट एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली तेव्हा अख्ख्या देशात सुरुवातीला ८ सरकारी हॉस्पिटलं होती, मुंबईचं जेजे त्यातलंच. तेव्हा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ठरावीक आकड्याच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या देत नव्हते, ती अट २०१७ मध्ये गेली, आता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी४ कितीही असो, औषध सुरू. व्हायरल लोड पण सेंटरमार्फत फुकट होतो, खासगी लॅबमध्ये त्याचं बिल बघून लोक टेस्टच पुढे ढकलतात, हे मी जवळच्या माणसांत पाहिलंय आणि मला ते फार लागतं, कारण औषध काम करतंय की नाही हे त्याशिवाय कळतच नाही.

सेंटरचा त्रास आहेच. आठवड्यातला दिवस, सकाळची वेळ, रांग, अर्धा दिवस जातो. ओळखीचं कोणी दिसेल का ही धाकधूक सुरुवातीला असते, पुढे कमी होते, पूर्ण जात नाही. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, तालुक्याला लिंक सेंटर (सेंटरला जोडलेली छोटी शाखा) असेल तर हेलपाटाही वाचतो. आणि स्टॉकचा प्रश्न, तो लपवण्यात अर्थ नाही. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोळ्या कमी पडल्या म्हणून दिल्लीत नाको या सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या ऑफिसबाहेर पेशंट लोक आठवडेच्या आठवडे धरणं धरून बसले होते. तेव्हापासून मी घरात थोड्या गोळ्या जास्तीच्या राहतील असं बघतो. पण खासगीतही मेडिकलवाला "मागवून देतो, परवा या" म्हणायचाच, आणि तालुक्याच्या गावी तर बरेच मेडिकलवाले ठेवतच नाहीत.

इथपर्यंत मला विचाराल तर दोन्ही पारडी जवळपास सारखी. माझा निर्णय झाला तो विम्यावरून, आणि तोही एकाच गोष्टीवरून.

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असताना मला डेंगी झाला, प्लेटलेट खाली, अ‍ॅडमिट. ग्रुप पॉलिसीत सहसा आधीच्या आजारांना वेटिंग (क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) नसतं, आमच्यातही नव्हतं, म्हणजे एचआयव्हीचा प्रश्न यायलाच नको होता. पण हॉस्पिटलच्या पेपरवर चालू औषधांत टीएलडी लिहिलेलं, ते टीपीएने (क्लेम तपासणारी मधली कंपनी) पाहिलं आणि क्वेरी टाकली, हा आजार कधीपासून, पहिल्या तपासणीचा कागद द्या, आत्ताच्या अ‍ॅडमिशनशी संबंध आहे का हे डॉक्टरांकडून लिहून आणा. आणि ती मेल एकट्या मला आली नाही, कंपनीत विम्याचं काम बघणारी जी व्यक्ती तिलाही कॉपी. ज्या ऑफिसात मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं तिथे हे असं पोचलं. क्लेम पास झाला, पैसे मिळाले, कोणी तोंडावर काही बोललंही नाही, पण त्यानंतर मीटिंगमध्ये त्या व्यक्तीशेजारी बसताना मला जे व्हायचं ते कुठल्या फॉर्ममध्ये लिहिता येत नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, त्यात स्पष्ट आहे की लेखी संमतीशिवाय कोणाचा स्टेटस असा उघड करायचा नाही आणि अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थेने ती जपायची. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारीही नेमायचा आहे. पण तक्रार करायची म्हणजे आणखी चार जणांना सांगायचं. मी नाही केली.

ग्रुप पॉलिसीचं मूळ दुखणं हेच आहे असं माझं मत झालंय. ती तुमची नसतेच, कंपनीची असते, मध्ये कायम कोणीतरी तिसरा असतो, आणि नोकरी गेली की तीही गेली.

स्वतःची पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्मवर (विम्याच्या अर्जावर) एचआयव्ही स्वच्छ लिहिलं, चालू औषध लिहिलं, शेवटचा व्हायरल लोड जोडला. काही कंपन्यांनी नाही म्हटलं, एकीने जास्त प्रीमियम लावून दिली. महाग आहे, त्यात वाद नाही, तरी वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेल्याने थोडं हलकं झालं. पुढे हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा क्वेरी आलीच, पण आली फक्त माझ्या मेलवर, मी उत्तर दिलं की फॉर्ममध्ये आधीच लिहिलंय, तिथेच संपलं. मध्ये कोणी नाही. त्या रात्री हॉस्पिटलात मला शांत झोप लागली, माझ्यासाठी हिशोब तिथेच झाला.

नियमही पूर्वीपेक्षा बरे आहेत. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिने, पूर्वी ४८ होतं. विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्येच कंपन्यांना एचआयव्ही असलेल्यांसाठी पॉलिसी आणा असं सांगितलं. अशा खास पॉलिसीत रक्कम साधारण ४-५ लाखांची असते, मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला ती अपुरी वाटू शकते, म्हणून जमलं तर आधी रेग्युलर पॉलिसीसाठी प्रयत्न करा. कोणी नाकारलं तर कारण लेखी मागा, कारण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे अ‍ॅक्च्युरिअल (जोखमीच्या आकडेवारीच्या) अभ्यासाचा आधार नसताना केवळ एचआयव्हीवरून विमा नाकारता येत नाही.

काही जण सल्ला देतात, लिहूच नका, ६० महिने गप्प काढले की कंपनी काही करू शकत नाही. मोरॅटोरियम ६० महिन्यांचं आहे हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उरत नाही, आणि दरम्यान कधीही अ‍ॅडमिट झालात की चालू औषधांच्या रकान्यात गोळीचं नाव येणारच. पाच वर्षं ती धाकधूक घेऊन जगायचं का, तुम्ही ठरवा. मी नाही जगलो.

किडनीमुळे टीडीएफ चालत नसेल, किंवा नोकरी अशी असेल की सकाळचा वेळ निघूच शकत नाही, तर खासगी डॉक्टर सोडू नका, विमा तेवढा स्वतःचा करून ठेवा. बाकीच्यांनी सेंटरचा विचार करावा असं मला वाटतं. आणि नोकरी सोडायची असेल तर राजीनामा द्यायच्या आधी, निदान दीड-दोन महिने आधी, त्याच विमा कंपनीला विचारा की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येता येईल का, आधीची वर्षं वेटिंगमध्ये मोजली जातात. ते जमेल याची खात्री नाही, कंपनी तपासणी करून ठरवते, म्हणून सोबत दुसरीकडेही अर्ज टाका. सेंटरला जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि चालू औषधाची चिठ्ठी न्या, हातात शिल्लक गोळ्या असतानाच जा म्हणजे नोंदणीच्या भानगडीत खंड पडणार नाही. ग्रीन बुक (सेंटरचं उपचाराच्या नोंदींचं पुस्तक) मिळालं की त्याचे फोटो काढून ठेवा, गाव बदललं तर ट्रान्सफरला ते लागतं. प्रपोजल फॉर्मची सही केलेली कॉपी एजंटकडे राहू देऊ नका, स्वतःकडे ठेवा.