तळ्याकाठचे गरम झरे: रिंजानी, बातूर की तारावेरा?

ज्वालामुखीचा डोंगर, पायथ्याशी किंवा पोटात तळं, काठावर गरम झरे आणि तिथवर आपल्या पायांनी जायचं. असा बेत शिजत असेल तर तीन नावं हमखास पुढे येतात: इंडोनेशियाच्या लोम्बोक बेटावरचा रिंजानी, तिथल्याच बालीतला बातूर आणि न्यूझीलंडमधलं तारावेरा. फोटोंत तिन्ही ठिकाणी वाफा आणि निळं पाणीच दिसतं. माझ्या मते निवड करताना एकच गोष्ट आधी बघावी, ती म्हणजे चालण्याच्या कोणत्या टप्प्यावर ते गरम पाणी मिळतं.

रिंजानीत ते मधोमध मिळतं आणि तिथेच खरी गोम आहे. सेनारू गाव साधारण 600 मीटरवर, सेंबालुन 1,150 मीटरवर. कुठूनही निघालात तरी आधी विवराच्या 2,600 मीटरच्या कड्यावर चढायचं, मग आतल्या बाजूने 600 मीटर खाली सेगारा अनाक तळ्याशी उतरायचं. तळं 2,000 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेतीनशे मीटर उंच. 1257 सालच्या प्रचंड उद्रेकाने जे भगदाड पडलं त्यात हे पाणी साठलंय आणि मधोमध बारुजारी नावाचा नवा सुळका अजून धुमसतो. तळ्यापासून थोडं चालून गेलं की आइक कलाकचे झरे लागतात. पाणी पिवळट, गंधकाचा वास, कुंडं वेगवेगळ्या उष्णतेची. उतरणीने थरथरणाऱ्या गुडघ्यांना याहून चांगला शेक मिळणार नाही. मात्र उतरलेले ते 600 मीटर पुन्हा चढल्याशिवाय घरी जाता येत नाही, हे पाण्यात बसतानाच लक्षात ठेवा.

पॅकेज घेताना एक प्रश्न नक्की विचारा. दोन दिवस-एक रात्रवाली पॅकेजेस कड्यावरून 3,726 मीटरच्या शिखरावर नेऊन परत आणतात, तळ्याला शिवतही नाहीत. झऱ्यांसाठी किमान तीन दिवस-दोन रात्री हव्यात. मी तर म्हणेन, शिखर सोडा. मध्यरात्री उठून घसरड्या राखेत दोन पावलं पुढे, एक मागे करण्यापेक्षा तो वेळ तळ्याकाठी घालवा. बालीच्या परंपरेतले तिथले हिंदू याच तळ्यात पेकेलेम विधीत सोनं अर्पण करतात. लोम्बोकच्या सासाक लोकांनाही ते पवित्र आहे. त्याच काठावर ट्रेकर्सचा प्लास्टिक कचरा दिसतो तेव्हा आपल्या गडांची आठवण येऊन ओशाळायला होतं.

धोकाही खरा आहे. 2018 च्या जुलैमधल्या भूकंपात शेकडो ट्रेकर्स डोंगरावर अडकले. 2025 च्या जूनमध्ये शिखराच्या वाटेवरून पडून एका परदेशी ट्रेकरचा मृत्यू झाला. पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, वाटा बंद असतात. त्यामुळे आपली मे महिन्याची सुट्टी मात्र चपखल बसते.

बातूरचं फार सांगण्यासारखं नाही. उंची 1,717 मीटर, पण सुरुवातच हजारावर मीटरवरून होत असल्याने चढ दोनेक तासांचा. पहाटे निघायचं, टॉर्चच्या रांगेत चालायचं, सूर्योदय बघायचा, स्थानिक गाइड घ्यायचाच. उतरल्यावर तोया बुंगकाहला तळ्याकाठी गरम पाणी आहे, पण बहुतेक ठिकाणी बांधलेल्या टाक्या, तिकीट, लॉकर. पाणी निसर्गाचं, बाकी रिसॉर्टचं. आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हेच योग्य: चढणारे चढतील, बाकीचे गाडीने थेट पाण्यात.

सह्याद्रीही लाव्हाचाच, मग इतक्या लांब कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. गणेशपुरी, उन्हेरे आपल्याकडे आहेतच, पण तिथलं पाणी खोल भेगांत उतरून तापतं. आपला लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. आणि लोणारचं तळं उल्केचं.

तारावेरात गरम पाणी शेवटी मिळतं आणि माझा कौल तिकडेच झुकतो. रोटोरुआ शहराजवळच्या ‘ते वैरोआ’ गावाहून 15 किलोमीटरची वाट तळ्याकडेने, जंगलातून, चढउतार करत ‘ते राता’ नावाच्या खाडीपर्यंत जाते. पाच-सहा तास लागतात. राजगड-तोरणा करणाऱ्याला हे जड नाही. पूर्वी युरोपातून लोक इथे गुलाबी आणि पांढऱ्या खनिज पायऱ्यांवरच्या कोमट पाण्यात डुंबायला येत. 10 जून 1886 च्या रात्री तारावेरा डोंगर फुटला, त्या पायऱ्या गेल्या, ‘ते वैरोआ’ गाव राखेखाली गाडलं गेलं, सुमारे 120 माणसं मेली. आता खाडीत गरम पाणी काठाशीच वर येतं आणि तळ्याच्या गार पाण्यात मिसळतं. थोडं सरकलं की कढत, थोडं सरकलं की कोमट, हवी ती जागा धरायची. उगमाशी मात्र कातडी भाजेल इतकं तापलेलं असतं. परतायला बोट असते, ती आधी ठरवा, नाहीतर पुन्हा 15 किलोमीटर. जमलं तर तिथल्या कॅम्पमध्ये रात्र काढा, कारण दिवसाचे लोक बोटीने गेले की काठ मोकळा होतो. वाट न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या जमिनीतून जाते, ती सोडून इकडेतिकडे शिरू नका. आणि डोकं पाण्याखाली घालू नका: न्यूझीलंडच्या गरम कुंडांत नाकातून मेंदूत शिरणारा अमीबा असू शकतो.

खर्चात तारावेरा अर्थातच महाग, विमानाचं भाडंच कितीतरी जास्त, आणि व्हिसा आधी काढावा लागतो. इंडोनेशियात तो भारतीयांना विमानतळावर मिळतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला कुणी नातेवाईक असेल तर नाताळच्या सुट्टीत, तिथल्या उन्हाळ्यात जा. नसेल तर मे महिन्यात रिंजानी, तीन दिवसांचं, शिखराशिवाय. शाकाहारी असाल तर पोर्टर स्वयंपाक सुरू करण्याआधीच सांगा, अंडं चालतं की नाही तेही.