खोडलेला शब्द की सोडलेला कागद?
१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की लातूरकडं झेंडावंदनाला बोलणाऱ्यांपुढं तोच प्रश्न: भाषण लिहायचं की तसंच ठोकायचं?

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ७ डिसेंबर १९४१ ला, जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला त्याच दिवशी, भाषणाचा मजकूर सांगून टाइप करून घेतला. त्यात ती तारीख नुसती 'जगाच्या इतिहासात' राहणार होती. त्यांनी हातानं ते शब्द खोडून 'कलंक' घातला, अन् वाक्याला धार आली.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांचं उलटं. २८ ऑगस्ट १९६३ च्या लिखित भाषणात 'माझं एक स्वप्न आहे' नव्हतंच. ते कागद सोडून बोलले. पण तो भाग आधीच्या सभांत घोटलेला होता. म्हणजे मसुदाच, फक्त तोंडी!

माझं मत लिहिण्याकडं. आमच्याकडं 'दोनच शब्द' म्हणून माइक धरला की पोरं तासभर उन्हात.