घरच्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट

पेठेतल्या आमच्या तालमीचा पत्रव्यवहार, वर्गणीच्या पावत्या, गणपतीचा जमाखर्च, सगळं माझ्या घरच्या पीसीवर चालतं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत संपली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. राजारामपुरीतल्या दुकानदारानं सरळ नवा पीसीच दाखवला. चालता डबा भंगारात घालायचं मला काय पटेना.

मग लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टीम. तिचे उबुंटू, फेडोरा, मिंट असे प्रकार आहेत. त्यातलं कुठलं, यावर पोरं रात्रभर भांडतील. माझ्या अटी दोनच: मराठी टायपिंग पहिल्यासारखं व्हावं आणि घरातला प्रिंटर चालावा. हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून सिस्टीम नुसती चालवून बघता येते, त्यामुळं दोन्ही आधीच तपासलं.

उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपला निदान ४ जीबी रॅम सांगितलीय, म्हणजे माझी तिथंच संपली. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळतात. गणपतीच्या तोंडावर अपग्रेड कोण करत बसणार? लिनक्स मिंट २२ घेतलं, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवालं. ते उबुंटू २४.०४ वरच बेतलेलं आहे, अपडेट २०२९ पर्यंत मिळतील, आणि डेस्कटॉप हलका असल्यानं ब्राउझरला रॅम उरते. सोबत एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्कही बसवली. खरं सांगायचं तर वाढलेल्या वेगाचं निम्मं श्रेय तिचंच.

मराठीचं जरा सविस्तर सांगतो. इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड मांडणीनं टाइप करणाऱ्यांना फार काही करावं लागत नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांतली मराठी निवडायची. माझी बोटं गमभनला, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानं मराठी लिहायच्या पद्धतीला सरावलेली. आयबस हे भाषा टायपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकलं, तर यादीत गमभन त्याच नावानं हजर, शेजारी जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणीसुद्धा! लई बरं वाटलं.

दुखणं निघालं जुन्या अहवालांचं. ते युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या आधीच्या फॉन्टमधले, त्यामुळं लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्डसारखं ऑफिस) उघडले की नुसती गिचमिड. जुन्या फॉन्टची फाइल शोधून सिस्टीममध्ये टाकली तेव्हा अक्षरं दिसली, पण मजकुरात शोध घेता येत नाही तो नाहीच. याचा दोष मात्र लिनक्सला देऊ नका, तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हेच होतं.

प्रिंटर एचपीचा असेल तर बहुधा त्रास नाही, त्यासाठीचा एचपीलिप हा ड्रायव्हर मिंटमध्ये येतोच. आमचा लेझर दुसऱ्या कंपनीचा. ड्रायव्हर मिळवताना घाम निघाला. आता छापतो झकास, फक्त कागद अडकला तर स्क्रीनवर चकार शब्द येत नाही, उठून बघावं लागतं.

मेव्हण्यानंही विचारलं, त्याला मी स्पष्ट नको म्हणालो. त्याच्या दुकानाचा सगळा हिशेब टॅलीवर, आणि टॅली विंडोजसाठी बनतं. वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून चालवायची खटपट करतात लोक, पण धंद्याच्या हिशेबाशी असला नाद करायचा नाही.

बाकी कुणी टाकणार असेल तर पहिल्याच दिवशी मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन चालू करा. अपडेटनं काही बिघडलं तर सिस्टीम आधीच्या तारखेला नेता येते. पण ते राखतं सिस्टीम, तुमच्या फाइली नव्हेत. आमच्या पावत्या वेगळ्या पेनड्राइव्हवर असतात, आणि तो खजिनदाराकडे.