हेड उघडण्याआधी 350 रुपये: मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपचा अनुभव

ही वस्तू काय असते ते माहीत असेलच. डॉक्टरांचाच स्टेथोस्कोप, फक्त छातीवर ठेवायच्या चकतीऐवजी पुढे लोखंडी सळई. पावसाळ्याच्या तोंडाशी ऑनलाइन मागवला, दिवाळी होऊन गेली, आता लिहायला हरकत नाही. कंपनी विचारू नका. डब्यावर धड नावही नव्हतं, आणि या किमतीतले सगळे एकाच साच्यातले दिसतात.

घ्यायची पाळी का आली ते आधी. गाडी 2011ची, 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक. थंड असताना एकदम शांत. पण देवासहून इंदूरला परतताना विजयनगरच्या सिग्नलला थांबलं की बॉनेटखालून टिक-टिक-टिक. कधी अर्धा मिनिट, कधी घर येईपर्यंत, कधी आठवडाभर काहीच नाही. गॅरेज आमच्या लोकमान्य नगरातच, त्यामुळे गाडी तिथे पोचायची ती थंडच. उस्ताद बॉनेट उघडून ऐकणार, आवाज गायब, मी खोटा. शेवटी एकदा देवासहून घरी न जाता सरळ गॅरेजवर नेली, तेव्हा वाजली. त्याने स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक दोन ठिकाणी टेकवलं आणि निकाल दिला: "भिया, टेपिट बोल रही है, हेड खुलेगा." म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारं टॅपेट वाजतंय, इंजिनचा वरचा भाग, हेड, उघडावा लागेल. अंदाज 18 हजार. चेन, टेन्शनर, जे आतून निघेल ते वेगळं. गाडीची पंधरा वर्षं भरत आलीत, आरसी आणखी पाच वर्षांसाठी रिन्यू करायची की गाडी भंगारात द्यायची यावर घरात आधीच दोन पक्ष. 18 हजारांचा आकडा दुसऱ्या पक्षाच्या फारच कामाला आला.

पहिल्या महिन्यात या स्टेथोस्कोपला मी दोनच स्टार दिले असते. हा कानाला लावला की ठणठणीत इंजिनही शेवटच्या घटका मोजतंय असं वाटतं. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर सळई टेकवा, शिलाई मशीन चालल्यासारखी खटाखट. ऑल्टरनेटरवर घरघर, वॉटर पंपावर घुमघुम. शेजारच्या काकांची जवळपास नवी गाडी मागून आणली, तिच्यावरही तेच! इंजेक्टर वाजतोच, त्याची झडप सेकंदाला कितीतरी वेळा उघडमीट करते. म्हणजे एका जागेवर ऐकून काही ठरत नाही. चारही इंजेक्टर एकामागून एक ऐकायचे आणि बाकी तिघांपेक्षा वेगळा कोण बोलतो ते बघायचं. डब्यात कागद म्हणून होता तो फक्त बारकोडचा.

आता कानातल्या बोंड्या. यांच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. कडक प्लास्टिक, आणि वरच्या दोन नळ्या सरळसोट. माझी भाची मेडिकलला आहे. तिने हातात घेताच म्हटलं, "मामा, कानाचं छिद्र आत पुढच्या बाजूला वळतं, म्हणून आमच्या नळ्या नाकाच्या दिशेने वाकवलेल्या असतात. हा सरळ आहे, टोचणारच." लाएनेकने 1816 साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून पहिल्यांदा छाती ऐकली. त्यानंतर दोनशे वर्षांत कानाचा आकार काही बदललेला नाही. मग नळी वाकवायला या लोकांना किती खर्च येतो? दहा मिनिटं ऐकलं की कान लाल, आणि इंजिन गरम होऊन आवाज येईपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. भाचीने तिच्या जुन्या स्टेथोस्कोपच्या मऊ बोंड्या दिल्या, त्या थोड्या सैल बसतात. ढकलून बसवल्या आहेत.

तर मत कधी बदललं? गणपतीनंतर. हिशेब साधा आहे. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरते. 800 आरपीएमला (मिनिटाला 800 फेऱ्या) गाडी उभी असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात टिक. रेस दिली की टॅपेटचा आवाज त्याबरोबर पळायलाच हवा. माझा पळत नव्हता, आपल्याच तालात. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तरी असाच टिकटिक आवाज येतो, पण तो बहुधा इंजिन थंड असताना जास्त आणि धातू तापून फुगला की कमी. माझं नेमकं उलटं. कनेक्टिंग रॉडचा ठोका जाड असतो, लोड आला की वाढतो. तोही नाही.

म्हणून व्हॉल्व्ह कव्हरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सळई फिरवली. सगळीकडे आवाज सारखाच. मग इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या बाजूला, सरकलो, तिथे दोन बारीक पाइप आलेला, काड्यापेटीएवढा काळा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह. सळई टेकताच कानात ठाण्! त्याचा कनेक्टर काढला, टिकटिक बंद. लावला, सुरू. (चेक इंजिनचा दिवा लागला, तो काही दिवसांनी आपला आपण विझला.)

हा पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतल्या पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन तापल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हा व्हॉल्व्ह टिकटिक उघडमीट करून ती वाफ इंजिनात जाळायला पाठवतो. थंड गाडीत तो गप्प, म्हणून गॅरेजमध्ये आवाज नाही. त्याचं टिकणं हा आजार नव्हेच. आमच्या गाडीत त्याच्याखालचं रबर वाळून तडकलं होतं, व्हॉल्व्ह थेट लोखंडी पट्टीला टेकत होता आणि सगळी पट्टी वाजत होती. छोट्या ग्वालटोलीत पार्ट्सवाल्याकडे नुसतं रबर मिळेना, व्हॉल्व्हसकट घ्या म्हणे. सायकलच्या जुन्या ट्यूबची दुहेरी घडी घालून बसवली. खर्च शून्य. आवाज आता कान देऊन ऐकला तरच येतो. आरसीची फीही भरली.

उस्तादाला दाखवायला गेलो. माणूस चांगला आहे, त्याने निमूट स्टेथोस्कोप लावला, सळई पर्ज व्हॉल्व्हवर टेकवली, मान हलवली. मग काढून माझ्या हातात दिला: "सही है भिया, पर कान दुखते हैं इससे." आणि पुन्हा आपला स्क्रू ड्रायव्हर उचलला. घ्या!

सगळ्याच आवाजांना हा पुरत नाही हेही सांगतो. महूच्या रस्त्यावर 2,200 आरपीएमच्या आसपास खाली पत्रा थरथरल्यासारखा आवाज यायचा, तोही फक्त चालत्या गाडीत. तिथे सळई कोण आणि कुठे टेकवणार? पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा गोल ट्रॅक आहे, मोठ्या कंपन्या आपल्या गाड्या तिथे पळवून बघतात. आम्हाला आपला महूचा रस्ता आणि मागच्या सीटवर कान लावून बसलेली भाची. गाडी थंड झाल्यावर सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा बोटाच्या पेराने ठोकला, तर एक बोल्ट सडून गळालेला. मोठ्या मापाची जुबली क्लिप (पाइपवर स्क्रूने आवळायची पट्टी) आवळली, मिटलं. स्टेथोस्कोप तेव्हा डिकीतच पडून होता.

एक उपयोग मात्र डब्यावरही लिहिला नव्हता. सळई काढून टाका आणि नुसती रबरी नळी व्हॅक्यूम पाइपांच्या जवळून फिरवा. कुठे हवा ओढली जात असेल तर फुस्स असं स्पष्ट ऐकू येतं. नळी बेल्टपासून दूर ठेवा आणि रेडिएटरच्या पंख्यावर भरवसा ठेवू नका, इंजिन बंद असलं तरी तो कधीकधी अचानक फिरतो.

साडेतीन स्टार. अर्धा बोंड्यांचा कापला, एक सरळ नळ्यांचा. विकणाऱ्याला सुट्या मऊ बोंड्या मिळतील का विचारलं. सुट्या येत नाहीत, पूर्ण सेट घ्या, दहा टक्के सूट देतो, असं उत्तर आलं. सेटमध्ये बोंड्या कोणत्या विचारलं तर म्हणे त्याच.